मागची गेली

गाडीचा आवाज सगळ्यात आधी ऐकला तो बाबांनी. मोहाडी मागे पडली होती, भंडारा अजून यायचं होतं आणि मामा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून स्वतःशीच गुणगुणत होता. बाबा त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी मान जराशी वाकडी केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मागचं उजवं चाक बोलून राहिलं."

"चाक नाई जी भाऊजी, रस्ता बोलून राहिला," मामा म्हणाला. "नवं डांबर आहे ना."

बाबांचं सगळं आयुष्य आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, मागावर गेलेलं. एका खोलीत चार माग खडखडत असले तरी कोणत्या मागाचा धोटा कोरडा पडला, हे ते बाहेर ओट्यावर बसून सांगायचे. त्यांच्या कानाशी वाद घालायची आमच्या घरात कोणाची हिंमत नव्हती. पण मामा आमच्या घरातला नव्हता, आणि व्हॅन त्याची होती. दोन महिन्यांपूर्वी नागपूरहून सेकंडहँड घेतलेली. लग्नाकार्यात भाड्याने लावायची म्हणून घेतली आणि पहिल्या मानाच्या फेरीला भाच्यालाच बसवलं. मामीला कोणी नाव ठेवलं असतं तर मामा हसून 'खरं आहे' म्हणाला असता. व्हॅनला नाव ठेवलेलं त्याला खपत नसे.

आम्ही सानगडीला चाललो होतो, माझ्या साक्षगंधासाठी. मुलीच्या दारी जायचं, चार माणसांसमोर साडी-अंगठी द्यायची, कुंकू लावायचं, साखर वाटायची आणि लग्न पक्कं करून यायचं. एवढं सोपं काम, पण ते दोनदा फसलं होतं. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी तिचे चुलत आजोबा गेले. दुसऱ्या तारखेच्या दोन दिवस आधी आमचे एक चुलत काका गेले. दोन्ही वेळा सुतक, दोन्ही वेळा आणलेली फळं शेजारीपाजारी वाटली. मग मुलीच्या आजोबांनी निरोप धाडला, की आता तिसऱ्यांदा काही आडवं आलं तर देवाच्याच मनात नाही असं समजू आणि पोरीसाठी दुसरं पाहू. दुसरं म्हणजे गोंदियाचा एक नोकरीवाला. तो पाय रोवून उभाच होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झाल्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, आणि आमची मोठी आत्या त्या मुलाचा उल्लेख 'परजिल्ह्यातला' असा करायची, जणू तो समुद्रापलीकडून येणार होता.

मी त्या मुलीला एकदाच पाहिलं होतं, वीसेक मिनिटं. तेवढ्यात तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही स्वतः विणता का नुसते विकता?" मी छाती फुगवून म्हणालो, "दोन्ही." हे साफ खोटं होतं. मागावर बसलो की माझी पाठ दुखते. मी दुकानात बसणारा माणूस. तिने मान हलवली आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलल्यासारखं मला वाटलं. ते हसू होतं की थट्टा, यावर मी पुढचे आठ महिने विचार करत होतो. मी तिच्यावर लट्टू झालो होतो, हे सांगायला आता लाज कसली? पण तिच्या मनात काय आहे, हे कोणी मला सांगत नव्हतं, आणि आमच्याकडे ते विचारायची रीतही नव्हती.

या वेळी नजर लागू नये म्हणून बाबांनी कोणालाच सोबत घेतलं नव्हतं. आम्ही पाचच जण. पुढे मामा आणि बाबा, मध्ये मी, आई आणि फळांच्या टोपल्या, मागच्या सीटवर मोठी आत्या. ही बाबांची सगळ्यात मोठी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पुसून माहेरी परत आली, मूलबाळ नाही, आणि तेव्हापासून पन्नास वर्षं आमच्या मागांसाठी धाग्याच्या कांड्या भरत आली. मला तिनेच वाढवलं. जीभ तिखट, पण गाडी लागायची. बैलगाडीतसुद्धा लागायची.

भंडारा येईपर्यंत तो आवाज मलाही ऐकू यायला लागला. चाळीसच्या वेगाला घूं घूं, पन्नासला घणघण. गाडी डावीकडे वळली की वाढायचा, उजवीकडे वळली की दबायचा.

"पाहा," बाबा म्हणाले, "डावीकडं वळली का उजव्या चाकावर वजन येते. तवा वरडते ते."

"भाऊजी, तुम्ही कोसा विणा जी," मामा म्हणाला. "गाडी मले समजते."

भंडाऱ्यात आत्याने उलटी केली. गाडी थांबवून तिला पाणी पाजलं, लिंबाची फोड हुंगायला दिली आणि मागच्या सीटवर आडवं केलं. उशीर होणार हे दिसत होतं, म्हणून बाबा एसटीडी बूथवर गेले. बाबांना फोनवर बोलायचं म्हणजे सानगडीपर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी आपलीच, असं वाटायचं. मला गाडीत बसून सगळं ऐकू आलं. "मोठ्या बाईले मागं निजवून आणून राहिलो जी! जराशी नरम आहे! मागं! हव, मागच्या सीटवर! घाबरायचं काई नाई!"

इथे मी वाचकांना हात जोडून सांगतो, हे वाक्य ध्यानात ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

पुढे हायवे लागला आणि मामाने गाडी पिटाळली. आवाज आता एवढा वाढला होता की मामाने टेप लावली, मग टेप मोठी केली, मग स्वतःच टेपबरोबर गाऊ लागला. आई हात जोडून पुटपुटत होती, "आजचा दिवस निभू दे माय, उद्या वाटलं तं चारही चाकं काढून ने." मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगू? मला मजा वाटत होती. अंगावर नवा कोशाचा झब्बा, खिशात कंगवा, चैत्रातल्या सकाळचा वारा आणि पुढच्या दोन तासांत ती माझ्यासमोर बसणार. गाडीने रणशिंग फुंकलं असतं तरी मी मान डोलावली असती.

लाखनी गेली आणि घणघणीची करकर झाली. लोखंडावर लोखंड घासलं जातंय हे आता बाबांच्या कानाची गरज नसतानाही समजत होतं. मग जळकट वास आला. मग मागचं चाक एकदा अडखळलं, गाडी तिरपी सरकली आणि मामाने तोंडातलं गाणं अर्धवट सोडून ब्रेक दाबला. डाव्या हाताला एक ढाबा होता, शेजारी पंक्चरची टपरी, टपरीला लागून फोनचा बूथ आणि या सगळ्यांवर सावली धरून एक मोठं मोहाचं झाड. थांबायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

मामाने उतरून चाकाच्या मध्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. चर्रर्र आवाज झाला आणि वाफ निघाली. बाबा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "रस्ता बोलून राहिला होता, नाई का?" त्यांनी विचारलं. एवढंच. पण मामाचे कान असे लाल झाले की मला हसू आवरेना आणि आईने मला चिमटा काढला.

पंक्चरवाल्याने गाडीकडे पाहून सांगितलं की हे त्याच्या हातचं काम नाही, पण शेजारच्या गावात एक मिस्त्री आहे, एकदम डॉक्टर. फोन करताच मिस्त्री मोपेडवर आला. पन्नाशीचा माणूस, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्याने गाडीला हात लावला नाही. प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घेऊन तो पाच मिनिटं घोटला, तोंडात टाकला आणि मग जॅक लावला. उचललेल्या चाकाला वर एक हात, खाली एक हात लावून त्याने गदगद हलवलं. चाक खडखडलं. मिस्त्रीने डोळे मिटून मान हलवली. नाडी पाहून वैद्य जसा घरच्यांकडे वळतो तसा तो आमच्याकडे वळला.

"मागची गेली," तो म्हणाला.

"बेरिंग?" मामाने क्षीण आवाजात विचारलं.

"मंग काय? पुढची जाते तं गाडी थोडी सांभाळते. मागची गेली का गेली. आतमधले छर्रे चुरा झाले असतीन. साकोलीहून नवी आणा लागते. दोन घंटे पकडा."

अकरा वाजले होते. साक्षगंधाची वेळ तीनच्या आतली. दोन तास म्हणजे कसंबसं जमणार होतं, पण तिकडे कळवणं भाग होतं. बाबा उठले तसा मामा आडवा आला. गाडी त्याची, चूक त्याची, तर फोनही तोच करणार. शिवाय हा टेक्निकल मामला आहे, भाऊजींना नीट सांगता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो बूथमध्ये शिरला, दार लावून घेतलं. मला काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. पाचेक मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

"काय लोकं आहेत बे," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "नशीब काढलं तू. मुलीचा काका होता फोनवर. लाइनमंदी खरखर होती, पन मी म्हटलं, मागची गेली. तं एकदम चूपच झाला मानूस. मंग म्हने, अरेरे, कवा गेली? म्हटलं, आताच, दहा मिनिटं झाले. म्हने, तरास तं नाई झाला जास्त? म्हटलं, झाला ना, भंडाऱ्यापासून आवाज करून राहिली होती. तं तो म्हने, डॉक्टर पाह्यला का? म्हटलं, डॉक्टरच आहे इथला मिस्त्री, त्यानंच सांगतलं. म्हने, आता कुठं आहे? म्हटलं, रस्त्याच्या कडंले झाडाखाली आहोन. जुनीच होती म्हटलं, आज ना उद्या जाणारच होती. तं म्हने, असं नका बोलू जी, जुन्याचीच किंमत असते. सांग! एका बेरिंगसाठी इतकी आपुलकी! म्हने, आम्ही येऊन राहिलो. मी म्हटलं, तुम्ही कायले तकलीफ घेता, दुसरी भेटली का बसवून आम्हीच येतो. तेवढ्यात लाइन कटली."

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. उलट मी पण गहिवरलो. ज्या घरचे लोक लोखंडाच्या तुकड्यासाठी हळहळतात, त्या घरची मुलगी कशी असेल, या विचाराने मी त्या मोहाच्या झाडाखाली अर्धा तास तरंगत होतो.

आमच्या भाषेत जाण्याचं हे असं आहे. लाइट जाते, नोकरी जाते, चव जाते, बेरिंग जाते आणि माणूसही जातो. शब्द एकच, गाडीचा कुठला आणि माणसाचा कुठला हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. सानगडीच्या लोकांनी सकाळचा बाबांचा फोन ऐकला होता, की मोठी बाई मागच्या सीटवर आहे, नरम आहे. आणि आता हा दुसरा.

मिस्त्री साकोलीला गेला आणि नवी बेरिंग घेऊन आला. त्याने ड्रम काढला, चार नट सोडले, एक्सल ओढून बाहेर घेतला आणि गाडीच्या पलीकडे बसून जुन्या बेरिंगची कॉलर छन्नी-हातोडीने फोडू लागला. मामा त्याच्याजवळ उकिडवा बसून प्रत्येक घावाला 'आस्ते, आस्ते' म्हणत होता. रस्त्यावरून हे दोघे दिसत नव्हते. रस्त्यावरून काय दिसत होतं ते आता सांगतो.

झाडाखाली चटई. चटईवर मोठी आत्या. भंडाऱ्याहून घेतलेल्या उलटीच्या गोळीने तिला गाढ झोप लागलेली, आणि माश्या बसू नयेत म्हणून तिने डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतलेली. चादरीबाहेर फक्त पायाचे दोन अंगठे. उशाशी आई. तीन वाजायच्या आत पोचणं होत नाही या काळजीने तिला रडू फुटलेलं, तोंडाला पदर लावून ती मुसमुसत होती. जरा बाजूला बाबा, गुडघ्यांत डोकं घालून. भोवती मोहाची फुलं पडलेली आणि गाडीतून उतरवलेल्या फळांच्या टोपल्या. आणि मी, नवा झब्बा ग्रीसने खराब होऊ नये म्हणून तो काढून नुसत्या बनियनवर उभा.

जीप आली ती सावकाश. हॉर्न नाही, घाई नाही. सहा पुरुष उतरले, सगळ्यांच्या खांद्यावर दुपट्टे, माना खाली. पुढे मुलीचे वडील. मागे काका, हातात साकोलीला घेतलेला झेंडूचा मोठा हार. मी धावत पुढे गेलो आणि हसून म्हणालो, "या जी, या! तुम्ही कायले तकलीफ घेतली?" मुलीचे वडील माझ्याकडे असे पाहू लागले की माझं हसू तोंडातच वाळलं. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. "धीर धर बाबू," ते म्हणाले. "जन्म-मरन कोनाच्या हातात नाई."

मी म्हणालो, "नाई जी, मिस्त्री म्हणते एक घंट्यात होऊन जाते."

ते काय समजले देव जाणे. काका सरळ चटईपाशी गेले, पायातल्या चपला काढल्या, वाकले आणि तो हार चादरीवर, छातीच्या जागी, हळूच ठेवला. मग पायाच्या अंगठ्यांना हात लावून त्यांनी कपाळाला लावला.

आत्याला गुदगुल्या होतात. फार होतात.

चादर एकदम उभी राहिली. तिच्यातून आत्याचं विस्कटलेलं डोकं बाहेर आलं आणि ती ओरडली, "कोन व्हय रे पायाले धरते!"

काकांनी जी मागे उडी मारली ती थेट आमच्या फळांच्या टोपलीत. सहातले दोघे जीपकडे पळाले. एक जण 'राम राम राम' म्हणत झाडाला चिकटला. मुलीचे वडील मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त माझा दंड एवढा घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होता. गाडीमागून मामा ग्रीसने माखलेले हात पसरून बाहेर आला, हातात जुनी फुटकी बेरिंग. "हे पाहा जी," तो आनंदाने म्हणाला, "निघाली शेवटी!"

मग समजलं. एकदम नाही, आधी काकांना समजलं, मग बाबांना, मग सगळ्यांना एकदम. बाबांना मी आयुष्यात तेवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते जमिनीवर बसले आणि हसत राहिले. आई पदराने डोळे पुसत हसत होती. काका टोपलीतून उठले, त्यांच्या धोतराला केळी चिकटलेली, ते मामाकडे बोट दाखवून 'यानं सांगतलं, यानंच सांगतलं' एवढंच म्हणत होते. मामा बेरिंग पोटाशी धरून सगळ्यांकडे पाहत होता. फक्त आत्या हसत नव्हती. तिने हार उचलून नाकाशी धरला, वास घेतला आणि गळ्यात घातला.

"काढा जी तो, बाई," मुलीचे वडील घाईने म्हणाले. "अशुभ आहे."

"कायले काढू?" आत्या म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा कोनं हार आनला माह्यासाठी."

पण मुलीचे वडील अजून मोकळे झाले नव्हते. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि मी मागे मागे गेलो. फोन आल्या आल्या आजोबांनी काठी आपटून सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा झालं, आता संपलं. आचारी परत गेला, मांडव सोडायला माणसं लावली. आणि ते म्हातारं एकदा बोललं की त्याला मागे घ्यायला लावणं कठीण. गोंदियाच्या मुलाच्या मामाला फोन करायचं बोलणंही झालं होतं. आता हसू कुठल्या कुठे गेलं. मी झब्बा चढवला तो उलटा, आणि ओरडलो, "मंग उभे काहून आहा? चला ना!"

व्हॅन आणि मामा मिस्त्रीच्या हवाली करून आम्ही चौघे जीपमध्ये घुसलो. जीपमध्ये आता दहा माणसं होती. आत्या पुढे बसली, गळ्यात हार, आणि गाडी लागायचं पार विसरून गेली. मी मागे काकांच्या मांडीवर होतो, कारण दुसरी जागा नव्हती. साकोलीहून सानगडीपर्यंत काका मला समजावत होते की फोनमध्ये खरखर फार होती, आणि मी त्यांना समजावत होतो की तुमची काही चूक नाही. दोघांचंही एकमेकांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं.

सानगडीत जीप शिरली तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर होतं. आत्या गेल्याची बातमी आधीच पसरलेली. एक बाई गळ्यात हार घातलेल्या म्हातारीला पाहून आत पळाली आणि तीन बायांना घेऊन बाहेर आली. दारापुढे अर्धा सोडलेला मांडव लोंबत होता. ओसरीत आजोबा बसले होते, काठीवर हनुवटी टेकवून. मुलीच्या वडिलांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेली नाई ते चांगलं झालं. पन आडवं तं आलंच ना? तीनदा आलं."

मग आत्या पुढे झाली. तिने पदर खोचला, हार सरळ केला आणि आजोबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"पाहा जी," ती म्हणाली. "पयल्यांदा तुमच्याकडचं मानूस मेलं. दुसऱ्यांदा आमच्याकडचं मेलं. तिसऱ्यांदा कोनीच नाई मेलं. तं हे बिघडून राहिलं का सुधरून राहिलं?"

आजोबांनी काठीवरची हनुवटी उचलली.

"अन् मेल्याची आवई उठली का मानसाचं आयुष्य वाढते, हे तुम्हाले कोनी सांगतलं नाई?" आत्या म्हणाली. "माह्यं आयुष्य तुमच्या घरून वाढलं. आता हे लग्न मोडसान तं मी दहा वर्षं जास्त जगून दर महिन्याले तुमच्या दाराशी येऊन बसन."

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली, आणि ज्या माणसाचं हसणं त्या घरात बहुधा कोणी ऐकलं नसावं तो खॅक करून हसला. "आचाऱ्याले परत बोलवा," तो म्हणाला. तेवढ्याने अंगणातलं सगळं गाव हललं. मांडवाच्या दोऱ्या परत बांधायला माणसं धावली.

मला वाटलं संपलं. मी ओट्याच्या कडेला बसलो. पण आत्याचं संपलं नव्हतं. तिने घरातल्या बायांकडे पाहिलं. तिचा आवाज आता तो तिखट नव्हता. "मले एक सांगा," ती म्हणाली. "मी मेली म्हनून निरोप आला, तवा इथं माह्यासाठी कोन रडलं?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. खरं म्हणजे कोणी कशाला रडणार? त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. शेवटी मुलीची आई म्हणाली, "पोरगी रडली जी. फोन आल्यापासून कोठीत बसून आहे. जेवली नाई."

"आना तिले," आत्या म्हणाली.

ती आली. नव्या साडीत, पण केस सुटलेले आणि डोळे सुजून एवढाले झालेले. मी पहिल्यांदा पाहिलं होतं त्याहून ती मला कितीतरी सुंदर दिसली. आत्याने तिला खाली बसवलं, दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. ते हात, पन्नास वर्षं कांड्या भरून खरबरीत झालेले. आत्या म्हणाली, "मले कधी पाह्यलं नाई, बोलली नाई, अन् माह्यासाठी इतकी रडली माय?"

तिने मान वर केली.

"तुमच्यासाठी नाई जी," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू? मले वाटलं, आता हे लग्न होत नाई."

तिच्या आईने कपाळाला हात लावला. आजोबांनी खोकून दुसरीकडे पाहिलं. तिचे गाल तसेच धरलेल्या आत्याला असं हसू फुटलं की हाराची फुलं गळू लागली. "एवढं खरं ऐकाले भेटत असन," ती म्हणाली, "तं मी आनखी एक डाव मरतो!"

आणि मी? आठ महिने ज्या एका गोष्टीसाठी मी झुरत होतो, ती भर अंगणात, सगळ्या गावासमोर, माझ्या कानांनी ऐकली होती. मला हसायचं नव्हतं, पण हसू येत होतं. थांबवायला गेलो तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाणी पुसायला गेलो तर हसू आणखी वाढलं. बाबा मला दबक्या आवाजात 'अबे, अबे' करत होते. झब्बा उलटा होता हेही मला तेव्हा कोणीतरी सांगितलं.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. सुजलेल्या डोळ्यांनी, जराशी रागावून.

"अन् तुम्ही काहून हसून राहिले?"

मी माझ्या उलट्या झब्ब्याकडे बोट दाखवलं. हसू थांबतच नव्हतं.